रात्रीचा पहारा कोणाचा?

१९ जुलै २०२३ च्या रात्री अकराच्या सुमारास रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगराचा कडा खाली आला. इर्शाळगडाच्या उतारावरील ही ठाकर आदिवासींची वाडी. तिथे पोचायला पायवाटेखेरीज रस्ता नव्हता. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले. त्याआधी नऊ वर्षे, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातील माळीण असेच सकाळच्या प्रहरी गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे दगावली. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे नुकती कोठे निजली होती. भोपाळचा विषारी वायू १९८४ च्या डिसेंबरातील २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री झोपडपट्टीत शिरला, तोही झोपलेल्या माणसांवर.

या घटनांची कारणे भिन्न आहेत. एकीला निसर्ग जबाबदार, दुसरीला कारखानदाराचा नफा. पण त्यांतून वाचलेल्या मुलामुलींच्या वाट्याला एक गोष्ट सारखी आली. ज्या अवस्थेत माणूस सर्वांत निर्धास्त असतो, त्याच अवस्थेत त्यांच्यावर घाला पडला. त्यामुळे पुढे कित्येक महिने, काहींच्या बाबतीत कित्येक वर्षे, झोप हीच त्यांना धोक्याची वाटू लागते. झोपेत मरण आले तो सुटला, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. झोपेतून धडपडत उठून जो वाचला, त्याच्या झोपेचे पुढे काय झाले, याची चौकशी करण्याची रीत मात्र नाही.

सरकारी मदतीचा हिशेब कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत मृताच्या वारसास ४ लाख रुपये, पडलेल्या घरास सव्वा लाखाच्या आसपास, दुभत्या म्हशीस साडेसदतीस हजार आणि कोंबडीस शंभर रुपये असे दर ठरलेले होते. जखमी माणसाची दुखापत रुग्णालयातील दिवसांवरून मोजावयाची: आठवड्याहून अधिक की कमी. कोंबडी मोजली जाते याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. गरिबाच्या संसारात कोंबडीलाही मोल असते. पण अंगावर ओरखडाही न उठता जो मुलगा ढिगाऱ्यातून बाहेर आला आणि नंतर सहा महिने पहाटे चारच्या आधी ज्याचा डोळा लागला नाही, तो या तक्त्यात कोठेच बसत नाही. तलाठ्याच्या पंचनाम्यात त्याच्यापुढे ‘सुखरूप’ असा शेरा पडतो.

हा सुखरूप मुलगा दिवसा कसा दिसतो? तो वर्गात पेंगतो, चिडतो, धडे विसरतो. त्याला आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात घातलेले असेल तर पहाटेच्या घंटेला तो उठत नाही, म्हणून शिक्षा होते. नऊदहा वर्षांचे मूल असेल आणि सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा जडली असेल, तर चारचौघांत शोभा होते. घरी असेल तर आई त्याला भगताकडे नेते. थोरला असेल, सतराअठरा वर्षांचा, तर रात्री तीनपर्यंत मोबाइल पाहत बसतो आणि मोबाइलनेच त्याला बिघडवले असा निष्कर्ष सगळे काढतात. वस्तुतः मोबाइल हे पुष्कळदा जागे राहण्याचे साधन असते. झोपले तर स्वप्न पडेल, या भीतीने तो डोळे उघडे ठेवीत असतो.

आघातानंतरच्या मानसिक विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली स्वतंत्र नाव दिले, तेव्हापासून दुःस्वप्ने आणि झोपमोड ही त्याची लक्षणे म्हणून नोंदलेली आहेत. पण फार काळ अशी समजूत होती की ती केवळ लक्षणे आहेत. मूळ दुखणे बरे झाले की झोप आपोआप परत येईल. गेल्या दोन-तीन दशकांत ही समजूत ढिली पडली आहे. आघातावरील उपचार यशस्वी होऊनही निद्रानाश मागे उरतो, असे वारंवार दिसून आले. उलट झोप सुधारली की दिवसाची भीती, चिडचिड व उदासी यांनाही उतार पडतो. तरुण वयात निद्रानाश आणि दुःस्वप्ने यांचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध आढळतो, ही गोष्ट तर कोणत्याही कार्यकर्त्याने हलकी मानू नये. तेव्हा झोपेचा उपचार स्वतंत्रपणे आणि वेळेवर झाला पाहिजे.

वेळेवर म्हणजे केव्हा? पहिल्या काही आठवड्यांतील झोपमोड हा आजार नव्हे. बहुतेक मुले आपल्या माणसांत, नेहमीच्या दिनक्रमात परतली की हळूहळू सावरतात. या काळात शहरातून आलेल्या उत्साही मंडळींनी मुलांना गोल बसवून ‘त्या रात्री काय झाले ते सांगा’ म्हणून एकाच बैठकीत सारे बोलते करण्याचा जो प्रकार चालतो, तो जागतिक आरोग्य संघटनेने नापसंत केलेला आहे. याच संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात झोपेसाठी बेन्झोडायझेपीन वर्गातील गुंगीच्या गोळ्या मुलांना देऊ नयेत, मोठ्यांनाही देऊ नयेत. आणि अंथरूण ओले करणाऱ्या मुलास शिक्षा करू नये. या गोष्टी आश्रमशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्यास कोणतेही अंदाजपत्रक मंजूर व्हावे लागत नाही.

महिना उलटून गेल्यावरही झोप परतत नसेल तर मात्र उपचार हवा. येथे गोळीचा मोह पडतो, कारण ती स्वस्त असते व देणाऱ्याचा वेळ घेत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. त्यांची विक्री स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावयाची असते. तालुक्याच्या गावी हा नियम कितपत पाळला जातो, हे वाचकांनी आपापल्या बाजारपेठेत पाहावे. या गोळ्यांची सवय लागते, आणि आघाताचे दुखणे त्या बरे करीत नाहीत. दुःस्वप्नांवर रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध काही वर्षे मोठ्या आशेने वापरले गेले. पण अमेरिकेत ३०४ माजी सैनिकांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात ते निरौषधी गोळीहून सरस ठरले नाही. काही रुग्णांना त्याचा लाभ होत असेलही, आणि ते ठरविणे डॉक्टरांचे काम आहे. परंतु गोळी हा या प्रश्नाचा मुख्य तोडगा नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

मुख्य तोडगा बोलण्याचा आणि सवयीचा आहे. निद्रानाशासाठीच्या बोधनात्मक वर्तनोपचाराला अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली प्रौढांच्या दीर्घ निद्रानाशावरील पहिला उपचार म्हणून मान्यता दिली. त्याची रीत सोपी आहे, पण चिकाटी मागणारी आहे. ज्याला झोप येत नाही तो साहजिकच अंथरुणात अधिक वेळ घालवितो, कूस बदलीत राहतो, आणि कालांतराने अंथरूण पाहताच त्याचा मेंदू झोपण्याऐवजी जागा होऊ लागतो. ही गाठ सोडवावयाची असते. त्यासाठी उठण्याची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. दिवसा लांब डुलकी नाही. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जावयाचे नाही आणि वीसएक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसरीकडे बसावयाचे. अंथरुणातील वेळ प्रथम प्रत्यक्ष झोपेइतका, मग हळूहळू वाढवीत न्यावयाचा. हे सारे एका वहीत टिपले जाते, आणि शिकविणारा आठवड्यातून एकदा ती वही पाहतो. चार ते आठ भेटींत काम होते. किशोरवयात देहाचे घड्याळ मुळातच उशिराकडे सरकलेले असते आणि त्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, म्हणून मुलांच्या बाबतीत झोपेचे तास फार आखडावयाचे नसतात. फेफरे येणाऱ्या मुलावर तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.

दुःस्वप्नांसाठी दुसरी एक रीत आहे, तिच्या साधेपणाने प्रथम ऐकणाऱ्यास हसू येईल. दिवसा, पूर्ण जागेपणी, मुलाने एक वाईट स्वप्न निवडावयाचे. सर्वांत भयंकर असेल ते नव्हे, त्याहून सौम्य. मग ते आपल्याला हवे तसे बदलावयाचे, लिहून किंवा चित्र काढून. समजा, डोंगर अंगावर येतो आणि पाय हलत नाहीत, असे स्वप्न आहे. मुलगा ठरवितो की आपण आधीच पलीकडच्या टेकडीवर आहोत आणि आजीही तेथे बसली आहे. किंवा डोंगर चिखलाऐवजी भाताच्या पेंढ्याचा आहे. काय बदलावयाचे ते त्याने ठरवावे, शिकविणाऱ्याने सुचवू नये. हे नवे स्वप्न रोज दहावीस मिनिटे मनात चालवून पाहावयाचे. बॅरी क्राको या अमेरिकन डॉक्टराने व त्याच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या १६८ स्त्रियांवर ही रीत पारखून तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध केले. तीन बैठकींच्या शिकवणीने दुःस्वप्ने घटली, झोप सुधारली आणि आघाताची इतर लक्षणेही सौम्य झाली. युद्धग्रस्त मुलांसाठी नॉर्वे व इंग्लंडमधील मानसतज्ज्ञांनी शाळेतच शिकविता येईल असा जो छोटा अभ्यासक्रम रचला, त्यातही स्वप्न बदलण्याचा हा धडा आहे. मुलांवरील परीक्षणे प्रौढांच्या मानाने थोडी आहेत हे खरे. पण ज्या उपचारात गोळी नाही, सुई नाही आणि मुलाला पुन्हा पुन्हा ती रात्र वर्णन करावयास लावणे नाही, तो करून पाहण्यात जोखीम फार थोडी.

आता प्रश्न असा की हे शिकविणार कोण. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत (तीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता) नेहमी आढळणाऱ्या मानसिक विकारांच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना असल्याचे दिसले. मानसोपचारतज्ज्ञ खालापूरच्या वाड्यांवर जाऊन बसेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. आणि तशी गरजही नाही. भोपाळनंतर १९८५ साली निम्हान्सच्या तज्ज्ञांनी दवाखान्यांतील साध्या डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी मानसिक उपचार सुरू केले होते. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने पदवीचा बडेजाव नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्यावर परिणामकारक उपचार करवून दाखविले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत चाललेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमात नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे प्रयोग प्रौढांच्या नैराश्याचे होते, झोपेचे नव्हते. पण दहावी-बारावी झालेली गावची मुलगी नीट शिकविल्यास आणि पाठीशी कोणी जाणता उभा असल्यास हे काम करू शकते, एवढे त्यांनी सिद्ध केले. झोपेची वही पाहणे हे त्याहून अवघड नाही.

येथवर आल्यावर चळवळीतील दोन आक्षेप पुढे येतात. पहिला जुना आहे: आधी भाकरी, आधी घर, मग झोप. त्यात रास्त तेवढे मान्य करून असे विचारावे लागेल की, रात्रभर जागलेला तरुण रोजगार हमीच्या कामावर किती दिवस टिकेल आणि दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीचे काय होईल? झोप ही श्रमशक्तीची रोजची दुरुस्ती आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर श्रमिकाच्या उदरनिर्वाहाचा तो भागच आहे, चैनीचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलाच्या मनावर उपचार करावयाचा म्हणजे डोंगर पोखरणाऱ्यांना, धोक्याच्या जागी वस्ती राहू देणाऱ्यांना मोकळे सोडून भीती हाच रोग ठरवावयाचा, असे काही साथी म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि माळीणनेच ते दाखवून दिले. तेथील वाचलेल्यांसाठी नवे गाव बांधून एप्रिल २०१७ मध्ये त्याचा सोहळा झाला. जूनमधील पहिल्याच जोराच्या पावसात नव्या गावात माती खचली, रस्त्यांना भेगा पडल्या, भराव वाहून गेले. त्या रात्री जागत बसलेल्या मुलाला शिथिलीकरणाचे धडे देणे ही थट्टा झाली असती. तो जागा होता हे बरोबरच होते. त्याची भीती खोटी नव्हती, तेव्हा ती घालविण्याचा अधिकार कोणत्याही उपचारकाला नव्हता.

परंतु यातून उपचार नको असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा: दरडीतून वाचलेला मुलगा रात्रभर जागून पहारा देत असतो. पाऊस पत्र्यावर वाजू लागला की तो कान टवकारतो, बाहेर जाऊन उताराकडे पाहतो, धाकट्या भावंडांना चाचपतो. हे काम वास्तविक त्याचे नाही. पर्जन्यमापक बसविणे, धोक्याच्या उतारांची दरवर्षी तपासणी करणे, अतिवृष्टीत रात्री कोणी तरी जबाबदार माणूस जागा ठेवणे आणि भोंगा वाजविणे हे शासनाचे व ग्रामपंचायतीचे काम आहे. ते होत नाही म्हणून चौदा वर्षांच्या पोराने ते अंगावर घेतले. उपचार त्याला एवढेच शिकवितो की पहारा खाली ठेवता येतो. पण खाली ठेवलेला पहारा उचलायला दुसरे कोणी तरी हजर पाहिजे. भूवैज्ञानिकाने जागा तपासली आहे, पावसाळ्यात रात्रीची पाळी लावलेली आहे आणि आज पाळीवर अमुक काका आहेत, हे त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले पाहिजे. नंतरच ‘आता झोप’ या शब्दांना अर्थ येतो. या उलट, जागा सुरक्षित झाली की झोप आपोआप येईल, हेही तितकेच चूक. किल्लारीनंतर पक्की घरे असूनही माणसे महिनोन्महिने उघड्यावर निजत राहिली. भिंत बळकट झाल्याचे देहाला पटायला वेळ लागतो, आणि त्या कामी शिकविलेला माणूस उपयोगी पडतो.

ज्या मुलींवर घरातच अत्याचार झाला, त्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यांच्या बाबतीत धोका डोंगरावरून येत नाही, शेजारच्या खोलीतून येतो. अंथरूण हीच घटनेची जागा असते. अशा मुलीला दार आतून लावता येते का, दिवा जळता ठेवता येतो का, खोलीत सोबत कोण असावे हे तिला ठरविता येते का, या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आल्याशिवाय झोपेची वही उघडूच नये. बालगृहांतील निजण्याच्या खोल्यांची पाहणी करणाऱ्या समित्यांनी खाटांची संख्या मोजण्याबरोबर हेही विचारले तर बरे.

सामुदायिक आपत्तीनंतर आधार देण्याची परंपरा समाजवादी चळवळीला नवी नाही. किल्लारीनंतर पन्नालाल सुराणा व राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी निराधार मुलांसाठी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे केले. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यास शिक्षणासाठी नेले. कायमचे छप्पर, ठरल्या वेळी जेवण आणि उद्याही तेथेच असणारी मोठी माणसे यांचे मोल अशा मुलांच्या झोपेच्या दृष्टीने फार आहे. मदतीचे ट्रक आठ-पंधरा दिवसांत परततात, समुपदेशकांची पथकेही परततात. झोप मात्र पुढच्या पावसाळ्यात, त्याच तिथीच्या आसपास, पुन्हा बिघडते. म्हणून मदतीचा कालखंड पावसाळ्यांत मोजला पाहिजे, आणि निदान दोन पावसाळे तरी.

मागणी काय करावयाची ते यावरून स्पष्ट आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मानसिक आधाराविषयीची मार्गदर्शक सूत्रे २००९ सालीच काढली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे, किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात २०१४ पासून मानसिक आरोग्याचा समावेश आहे, ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. यंत्रणा कागदावर पुरेशी आहे. ती वाडीपर्यंत कोणी आणावयाची हे ठरलेले नाही. मे महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी पावसाळापूर्व बैठका होतात. नालेसफाई, बोटी, धान्याचा साठा यांची चर्चा तेथे होते. रायगड, रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतील साथींनी त्या बैठकीस जावे आणि तहसीलदारांना विचारावे: धोक्याच्या यादीतील प्रत्येक वाडीत पावसाळ्याच्या रात्री जागण्याची पाळी कोणाची, त्यांना मानधन कोणत्या शीर्षाखाली, मागील आपत्तीतून वाचलेली बारा ते पंचवीस वयाची मुले सध्या कोठे राहतात, आणि त्यांच्या झोपेविषयी आशा सेविकेने किंवा वसतिगृहाच्या गृहपालाने गेल्या वर्षभरात एकदा तरी चौकशी केली आहे काय. उत्तर लेखी मागावे.